मोजमाप करणारी शेजारीण

वैद्यकीय संशोधन म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे काचेची उपकरणे, सूक्ष्मदर्शक यंत्रे आणि पांढरे डगले घातलेली गंभीर मुद्रेची माणसे उभी राहतात. आणि ही कल्पना अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु वैद्यकशास्त्रापुढे असेही पुष्कळ प्रश्न असतात की ज्यांची उत्तरे प्रयोगशाळेच्या चार भिंतींत सापडणे संभवतच नाही. अमुक एका तालुक्यात वर्षभरात किती मुले जन्मास आली, त्यांतली किती महिन्याच्या आत दगावली, ती कशाने दगावली, आणि तमुक उपाय वेळेवर झाला असता तर त्यांतली किती वाचली असती, हे सांगणारे यंत्र अद्याप कोणी बनविलेले नाही. ते सांगू शकते ते केवळ त्याच गावात राहणारे, घराघरांतून ज्याचा वावर आहे असे माणूस.

ही गोष्ट सरकारदरबारीही फार पूर्वी उमगलेली होती. जुन्या मध्यप्रांतात, म्हणजे नागपूर-चांद्याकडच्या मुलखात, गावच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्याचे काम कोतवालाकडे असे, आणि ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दप्तराच्या नकला जातीच्या दाखल्यासाठी मिळविण्याकरिता लोक आजही तहसील कचेरीत खेटे घालीत असतात. पण कोतवाल झाला तरी तो सरकारचा चाकर आणि पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत त्याचा शिरकाव कोठून होणार? जे मूल जन्मून घटकाभरात गेले, ज्याचे बारसेही झाले नाही, त्याच्या जाण्याची वर्दी कोतवालापर्यंत पोहोचविण्याचे घरच्यांना अगत्य वाटत नसे, आणि अशी मुले कागदावर जन्मल्यावाचूनच मृत्यू पावत. मोजणीतून जे सुटते ते धोरणातूनही सुटते, आणि नवजात मुलांचे मरण दीर्घकाळ असे सुटत राहिले. ते मोजणीत कसे आले, याची हकीकत मुख्यत्वे गडचिरोली जिल्ह्यातली आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी पाचवी ते दहावी इयत्तेपर्यंत शिकलेल्या खेड्यातल्या बायका आहेत.

गावातल्याच माणसाला आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देऊन त्याच्याकरवी उपचार करविण्याची कल्पना नवी नव्हती. चीनमधले ‘अनवाणी डॉक्टर’ एव्हाना जगभर गाजलेले होते. आणि आपल्याकडे 1970 साली रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पाने तर अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही उत्तम आरोग्यसेविका होऊ शकतात, हे दाखवून दिले होते. परंतु सेवा करणे वेगळे आणि त्या सेवेचे फळ किती, हे संशयात्म्यालाही पटेल अशा रीतीने सिद्ध करणे वेगळे. दुसऱ्या कामाला नोंद लागते, तुलना लागते, आणि स्वतःच्याच कामावर अविश्वास दाखविण्याची तयारी लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी 1986 च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली, ती ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी व्हावीत या हेतूने. चंद्रपुरातून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. अरण्य दाट, वस्ती विरळ, पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गावे तुटलेली. तेथे डॉक्टरची वाट पाहणे ही रोग्याच्या दृष्टीने एक औपचारिकताच होती.

सर्चचे पहिले गाजलेले काम स्त्रियांच्या आजारांविषयीचे. दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून 1989 साली ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की, 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी कधीकाळी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. रुग्णालयात बसून हा आकडा कधीच हाती लागला नसता, कारण रुग्णालयात येतात त्या त्या आठांतल्याच.

दुसरे काम लहान मुलांच्या न्यूमोनियाचे, आणि येथे गावच्या माणसाचा संशोधनात खरा प्रवेश झाला. मुलाला साधा खोकला आहे की न्यूमोनिया, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती: दोन महिन्यांच्या आतले मूल मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, आणि वर्षाच्या आतले पन्नास किंवा अधिक श्वास घेऊ लागले की संशय घ्यावा. पण ज्या सुइणींना पन्नासपर्यंत मोजताच येत नाही त्यांनी काय करावे? यासाठी एक साधन तयार करण्यात आले. एका चौकटीत मिनिटभर चालणारी वाळूची घटिका, आणि तिच्या जोडीला तारेत ओवलेल्या मण्यांच्या रांगा, तान्ह्यासाठी एक व मोठ्या मुलासाठी दुसरी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्यावर बोट गेले तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. दहापर्यंतची मोजणी सुइणीला येतच होती. पुढचा हिशेब मण्यांनी केला. या योजनेत गावातले आरोग्यसेवक, सुइणी आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांनी को-ट्रायमॉक्झॅझोल हे प्रतिजैविक देऊन ज्या मुलांवर उपचार केले त्यांतली शंभरात एकही पुरती दगावली नाही, प्रमाण 0.8 टक्के पडले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तेच 13.5 टक्के होते. हा निबंध 1990 साली प्रसिद्ध झाला.

यानंतरचा प्रश्न मात्र अधिक अवघड होता. न्यूमोनियाने जाणारी मुले वाचू लागली तरी जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जाणारी तशीच जात राहिली. नवजात अर्भकाचा उपचार म्हणजे काचेची पेटी, प्राणवायू, शिरेतून औषध आणि चोवीस तास जागी असलेली परिचारिका, असाच तेव्हाचा शास्त्रसंमत समज होता. आणि गडचिरोलीच्या त्या गावांत 95 टक्के बाळंतपणे घरीच होत. बाळंतीण खोलीत, दाराशी विस्तव, आत अंधार. बाहेरच्या माणसाने जायचे नाही, बाळाला बाहेर काढायचे नाही. अशा खोलीत मूल नेमके कशाने जाते, हे पाहिलेला डॉक्टर जगाच्या पाठीवर क्वचितच असेल.

म्हणून 39 गावांतून प्रत्येकी एक अशा स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांना पुढे ‘आरोग्यदूत’ हे नाव मिळाले. निवड करताना शिक्षण फारसे पाहण्यासारखे नव्हतेच. पाहायचे ते हे की, बाई गावातलीच असावी, रात्री-अपरात्री घराबाहेर पडू शकेल अशी असावी आणि तिला बाळंतिणीच्या खोलीत शिरू देतील अशी असावी. सुईण प्रसूती करी आणि ही बाई बाळाकडे पाही. घड्याळ लावून ती जन्माची वेळ टिपी, मूल रडले की नाही, केव्हा रडले, हात-पाय हलविले की नाही याची नोंद करी, तापमापक काखेत धरी, झोळीच्या काट्याला बाळ टांगून वजन घेई, आणि पुढे महिनाभर ठराविक दिवशी येऊन तेच पुन्हा पाही.

यातली एक बाब सामान्य वाचकाने थोडी थांबून पाहावी अशी आहे. जे मूल जन्मताच गुदमरले, एकदोनदा धाप टाकून निपचित पडले, ते मेलेलेच जन्मले असे घरचे सांगतात. त्यांचा त्यात काही लपविण्याचा हेतू नसतो, कारण त्यांच्या लेखी ते जगलेच नाही. पण शास्त्राच्या दृष्टीने एक श्वास घेतलेले मूल जिवंत जन्मलेले, आणि त्याचा मृत्यू हा नवजाताचा मृत्यू. आता ज्या गावात जन्माच्या क्षणी घड्याळ घेतलेली बाई हजर आहे तेथे अशी मुले ‘मृतजन्मा’च्या रकान्यातून निघून ‘मृत्यू’च्या रकान्यात येणार, आणि ज्या गावात ती नाही तेथे जुन्याच रकान्यात राहणार, म्हणजे चांगल्या नोंदीमुळे चांगले गावच वाईट दिसण्याचा धोका. म्हणूनच अशा अभ्यासात मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू यांची एकत्र बेरीजही पाहावी लागते. संख्याशास्त्राच्या वर्गात हे विधान कोरडे वाटते. परंतु त्याच्या बुडाशी एक माणूस बसलेला आहे, आणि तो माणूस कंदिलाच्या उजेडात छातीची हालचाल निरखणारी गावातली बाई आहे.

1995-96 या पहिल्या वर्षी या बायकांनी 763 नवजातांचे निरीक्षण केले. त्यांच्या नोंदी पडताळण्यासाठी एक डॉक्टर गावोगाव फिरत असे. या वर्षाचा निष्कर्ष हा माझ्या मते पुढच्या सर्व यशापेक्षाही महत्त्वाचा आहे: 54 टक्के बाळांना वैद्यकीय साहाय्याची गरज होती आणि ते मिळाले अवघ्या 2.6 टक्क्यांना. जन्मतः कमी वजनाची बाळे 42 टक्के. जगातल्या मोठमोठ्या संस्था ज्या आजारांचा अंदाज रुग्णालयांच्या कागदांवरून बांधीत होत्या, त्यांचे घरातले खरे रूप प्रथमच समोर आले ते तीन-चार महिन्यांपूर्वीपर्यंत धान लावणीला जाणाऱ्या बायकांच्या वह्यांतून.

पुढच्या वर्षी उपचार सुरू झाले. त्यांतला सर्वांत धाडसी भाग जंतुदोषाचा. नवजाताच्या रक्तात जंतू शिरले आहेत काय, हे रुग्णालयात रक्ताची तपासणी करून ठरवितात. येथे ते सात लक्षणांवरून ठरवायचे होते, आणि त्यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार सुरू करायचा. लेकरू दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, हात-पाय ढिले पडले, अंग गार लागते, पोट फुगले किंवा ओकाऱ्या होतात, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, बेंबीत पू आहे: ही ती लक्षणे. वाचणाऱ्या आईच्या लक्षात येईल की यांतली बहुतेक लक्षणे आईला आधीच कळतात, फक्त तिचे कोणी ऐकत नाही. आरोग्यदूत आईबापांची संमती घेऊन जेंटामायसिनचे इंजेक्शन देई आणि तोंडाने को-ट्रायमॉक्झॅझोल पाजी. जंतुदोष झालेल्या बाळांतली पूर्वी 16.6 टक्के दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण 2.8 टक्क्यांवर आले.

आता मोजमापाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण येथेच या कथेतला सर्वांत नाजूक पेच आहे. ज्या बाईने बाळाची सेवा केली तिलाच त्या बाळाचा मृत्यू नोंदायला सांगितला तर? ती खोटे लिहील असे नव्हे. पण आपल्या हातून गेलेले लेकरू कागदावर उतरविताना हात अडखळतो, हे समजण्यासाठी मानसशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाही. शिवाय दूरच्या टीकाकाराने उद्या म्हणावे की आकडे सेविकेने सोयीने लिहिले, तर त्याला उत्तर काय? म्हणून जन्ममृत्यूंच्या गणनेची यंत्रणा उपचाराच्या यंत्रणेपासून वेगळी ठेवण्यात आली. उपचाराच्या 39 आणि तुलनेच्या 47 गावांत ती एकाच पद्धतीने चाले, आणि ठराविक मुदतीने घरोघर फिरून होणाऱ्या पाहणीशी तिची रुजवात घातली जाई. कोणी गरोदर होती आणि आता कडेवर मूल नाही, मग त्याचे काय झाले, हा प्रश्न दोन निरनिराळ्या माणसांनी दोन निरनिराळ्या वेळी विचारायचा. महसूल खात्यात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना या पद्धतीचे मर्म सांगायला नको.

1999 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रयोगापूर्वी दोन्ही भागांत हजार जिवंत जन्मांमागे साठाच्या आसपास नवजात दगावत होते. तिसऱ्या वर्षी उपचाराच्या गावांत हा आकडा 25.5 झाला आणि तुलनेच्या गावांत 59.6 वरच राहिला. निव्वळ घट 62 टक्के. एका बाळामागे खर्च आला सुमारे पाच डॉलर.

टीका अर्थात झालीच, आणि ती सगळीच मत्सरापोटी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अर्धशिक्षित बाईच्या हाती सुई द्यावी काय, हा प्रश्न वैद्यक व्यवसायाच्या अस्मितेचा होता तसाच सुरक्षिततेचाही होता. तुलनेच्या 47 गावांतल्या बाळांना या उपचाराविना ठेवणे योग्य होते काय, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. त्याचे उत्तर असे: त्या गावांना सरकारी आरोग्यसेवा पूर्वीप्रमाणे मिळत होती, आणि उपाय गुणकारी की घातक हे तोवर सिद्ध झालेले नव्हते. इंजेक्शनाने अपाय झाला असता तर हीच गावे भाग्यवान ठरली असती. हे उत्तर तर्कशुद्ध आहे, तरीही त्याने मनाचे पुरते समाधान होत नाही, आणि होऊ नये हेच बरे. दुसरी अडचण संमतीची. परका डॉक्टर दाराशी आला तर त्याला ‘नको’ म्हणता येते. पण जिच्याकडून काल विरजण आणले आणि जिच्या मुलीच्या लग्नात उद्या वाढायला जायचे आहे, त्या शेजारणीला ‘नको’ कसे म्हणायचे? जो विश्वास संशोधनाला दार उघडून देतो तोच विश्वास नकाराचा हक्क हलकेच काढून घेतो. औषधाची किंवा रक्त काढण्याची चाचणी असेल तेथे माहिती सांगण्याचे काम सेविकेने करावे, पण होकार-नकार विचारायला गावाशी नातेसंबंध नसलेले वेगळे माणूस असावे, असे माझे मत आहे. खर्च वाढतो, पण तो सोसावा.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी ‘अंकुर’ या नावाने हाच प्रयोग आपापल्या भागांत करून पाहिला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तो पाच राज्यांत तपासला. बांगला देशातल्या सिल्हेट जिल्ह्यातही घरभेटींनी नवजातांचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटल्याचे 2008 साली प्रसिद्ध झाले. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी घरभेटींची संयुक्त शिफारस केली, आणि 2011 साली भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत हा कार्यक्रम देशभर लागू केला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात, आणि त्या पुऱ्या केल्याबद्दल आशाताईला अडीचशे रुपये. इंजेक्शन मात्र या वाटेत गळाले. 2014 साली जेंटामायसिनला विशिष्ट परिस्थितीत परवानगी मिळाली ती उपकेंद्रातल्या नर्सबाईंना. गावातल्या बाईच्या नोंदीवर विश्वास ठेवून सिद्ध झालेले ज्ञान शासनाने स्वीकारले आणि तिच्या हातावरचा विश्वास तेवढा नामंजूर केला; यामागे सावधगिरी किती आणि हुद्द्यांची उतरंड किती, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आशांचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गडचिरोलीच्या प्रयोगात एका बाईकडे एक गाव आणि एक काम होते, आणि तिच्या वहीवर प्रेमाने व कठोरपणे नजर ठेवणारे पर्यवेक्षक होते. आजच्या आशाताईकडे गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, हिवताप यांच्या नोंदी आहेत. 2020 च्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघर फिरून ताप आणि प्राणवायू मोजणाऱ्यांतही त्याच होत्या. पगार नाही, कामागणिक मोबदला आहे; आणि मोबदला भरलेल्या फॉर्मावर मिळतो. बाळाचे वजन खरोखर घेतले काय, की मागच्या भेटीच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवून रकाना भरला, हे फॉर्मावरून कळत नाही. दमलेल्या बाईने असा आकडा लिहिला तर तिला दोष देणे सोपे आहे. परंतु तोच आकडा चार पायऱ्या चढून राजधानीत पोहोचतो, तक्त्यात बसतो, आणि पुढे एखादा विद्वान त्याच्यावर प्रबंध लिहितो. संशोधनाची गुणवत्ता वाढविण्यासाठी संगणकांवर जो खर्च होतो त्यातला काही हिस्सा आशाताईचा काटा दुरुस्त करण्यावर, तिच्यावरचे बोजे कमी करण्यावर आणि तिला नियमित वेतन देण्यावर झाला तर आकडे अधिक खरे येतील, असे मला वाटते.

राहता राहिला श्रेयाचा प्रश्न. 1999 च्या त्या निबंधावर पाच लेखकांची नावे आहेत. 39 बायकांची नावे लेखकांत नाहीत. यात संशोधकांनी काही आगळीक केली असे म्हणता येत नाही. वैद्यकीय नियतकालिकांचा जगभराचा दंडकच असा आहे की, ज्याने निबंधाच्या लेखनात वा सुधारणेत भाग घेतला, अंतिम मसुद्याला संमती दिली आणि त्यातल्या प्रत्येक विधानाची जबाबदारी पत्करली, तोच लेखक. निबंध इंग्रजीत, आरोग्यदूताला तो वाचताच येत नाही, तर संमती कशाची देणार? तेव्हा या दंडकाप्रमाणे तिची जागा लेखकांत नाही, फार तर निबंधाच्या शेवटी आभारांच्या कोपऱ्यात. सध्या काही ठिकाणी निष्कर्ष छापण्याआधी ते गावात वाचून दाखविण्याची, आणि प्रश्नावली बनवितानाच सेविकांना विचारण्याची रीत पडू लागली आहे. ही रीत केवळ सौजन्याची नव्हे. ‘बाळ दूध पिते काय?’ असे विचारले तर प्रत्येक घरातून ‘हो’ येते. ‘कालच्याइतके ओढते काय?’ असे विचारले तर आई क्षणभर थांबते आणि मग खरे सांगते. हा फरक प्रश्नावली बनविणाऱ्याला टेबलाशी बसून सुचत नाही. तो त्या घरात दिवसाआड जाणारीला ठाऊक असतो, आणि तिला विचारण्याला अडीचशे रुपयेही लागत नाहीत.